विकायला सगळेच पुढे, दुरुस्तीला कोण?

इलेक्ट्रिक गाडी डीलरकडून घ्यावी की थेट कंपनीकडून, यावर तिकडे महाराष्ट्रात चाललेली चर्चा इथे न्यू जर्सीत बसून वाचताना गंमत वाटते. ओलाच्या स्कूटरने हात पोळलेले लोक म्हणतात, थेट कंपनीकडून नको रे बाबा, आपला डीलरच बरा. निदान त्याच्या काउंटरवर जाऊन आवाज तरी चढवता येतो. इथे डीलरला विटलेले लोक नेमकं उलट म्हणतात: हा मधला माणूस काढा एकदाचा. दोघांचंही रडगाणं खरं आहे, पण दोघांनी सुचवलेला इलाज मला पटत नाही. त्यातच भारतातली डीलरांची संघटना, 'फाडा', फ्रँचायझी संरक्षण कायदा, म्हणजे कंपनीच्या मनमानीपासून डीलरला वाचवणारा कायदा, मागते आहे. असे कायदे अमेरिकेत अनेक दशकं आहेत. त्याखाली राहून, गाड्या घेऊन झालेलं माझं मत सांगतो.

आधी हे कायदे आले कुठून ते बघू. १९२०-२१च्या मंदीत हेन्री फोर्डने न मागवलेल्या गाड्या डीलरांच्या दारात उतरवल्या आणि पैसे मात्र रोख घेतले. डीलरने नाही म्हणावं तर एजन्सी जायची भीती. अशा दांडगाईला आळा घालायला पुढे एकेका राज्याने कायदे केले आणि १९५६मध्ये केंद्रीय कायदाही आला. कंपनी अवाढव्य आणि डीलर गावातला एक दुकानदार, अशी तेव्हाची परिस्थिती. कंपनीने डीलरच्या शेजारीच स्वतःचं दुकान थाटून त्याला बुडवू नये, म्हणून अनेक राज्यांत थेट विक्रीवर बंदी आली. तोवर सगळं रास्त होतं.

पुढे टेस्ला ही थेट ग्राहकाला इलेक्ट्रिक गाड्या विकणारी कंपनी आली. तिला डीलरच नव्हते, म्हणजे बुडायलाही कोणी नव्हतं. तरी बंदी तिच्यावर चालवली गेली. मिशिगनने २०१४मध्ये कायद्यातली उरलीसुरली फट बुजवली. आमच्या न्यू जर्सीत त्याच वर्षी सरकारने टेस्लाची दुकानं बंद करायचा नियम काढला, बोंबाबोंब झाली आणि २०१५मध्ये तडजोडीचा कायदा झाला: जास्तीत जास्त चार ठिकाणी विका. अटी अशा घातल्या की त्यात बसेल ती तीच एक कंपनी. नंतर आलेल्यांनी काय करायचं, तर काही नाही. (अर्थात याच राज्यात १९४९पासून स्वतःच्या हाताने गाडीत पेट्रोल भरणंही बेकायदा आहे. ग्राहकाची काळजी घ्यायची आमची पद्धत जरा वेगळी आहे.) टेक्सासमध्ये तर कहर. ऑस्टिनला कारखाना, कंपनीचं मुख्यालयही तिथेच, पण त्या राज्यात गाडी विकायचा परवाना मात्र नाही; ऑर्डर इंटरनेटवरून द्यायची. न्यू मेक्सिकोत राज्याचा कायदा आडवा आला म्हणून कंपनीने २०२१मध्ये नाम्बे प्वेब्लो या मूलनिवासी जमातीच्या स्वायत्त जमिनीवर दुकान उघडलं.

गावातल्या दुकानदारासाठी केलेल्या कायद्याचा आज फायदा कोणाला होतो? डीलरांमध्ये आता शेअर बाजारात नोंदलेल्या, शेकडो शोरूम चालवणाऱ्या कंपन्या आहेत. आणि ग्राहकाच्या पदरात काय पडतं, ते शोरूममध्ये पाय ठेवल्यावर कळतं.

मी पहिली इलेक्ट्रिक गाडी अशाच एका शोरूममधून घेतली. चाचणीसाठी बाहेर काढली तर बॅटरी जेमतेम भरलेली. सेल्समन सज्जन होता, पण चार्जिंगचं काही विचारलं की "तुम्ही लांब जात असाल ना, मग हायब्रिड बघा की," यावर येऊन थांबायचा. त्याला दोष देत नाही. इलेक्ट्रिक गाडीला ऑइल बदलायचं नसतं, त्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगचा धंदा कमी, आणि शोरूमचा मोठा नफा सर्व्हिसिंगवरच उभा असतो. जी गाडी विकून आपलाच वर्कशॉप ओस पडणार, ती उत्साहाने कोण विकेल?

खरा खेळ नंतर, फायनान्सच्या खोलीत. बाहेर ठरलेली किंमत इथे येऊन फुगायला लागते. टायरमध्ये नायट्रोजन भरलाय, त्याचे इतके. चोरी होऊ नये म्हणून काचेवर नंबर कोरलाय, त्याचे तितके. रंगावर लेप, वाढीव वॉरंटी, कागदपत्रांची फी. प्रत्येक ओळ छापलेली, जणू सरकारनेच लावली असावी. खोडायला सांगितलं की म्हणायचे, "हे सगळ्याच गाड्यांना असतं." दोन-तीन ओळी भांडून खोडल्या, बाकीच्या थकून भरल्या. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने असल्या छुप्या आकारांविरुद्ध २०२३च्या डिसेंबरात नियम केला होता. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २०२५च्या जानेवारीत तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द झाला.

हे तिकडच्या वाचकांना नवं वाटणार नाही. "हँडलिंग चार्जेस"च्या नावाखाली काही हजार, विमा आमच्याकडूनच घ्या, अॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर गाडी लवकर मिळेल, हे पुण्या-नाशकात अनेकांनी सोसलं आहे. त्यामुळे डीलर आला की माया आली, हा समज आपण आधी सोडू.

मग थेट विक्री चांगली? विकत घेण्यापुरती, हो. माझ्या एका मित्राने थेट विकणाऱ्या कंपनीची गाडी फोनवर जेवता जेवता मागवली. किंमत सगळ्यांना एक, घासाघीस नाही. (एक असली तरी कायम नाही: टेस्लाने २०२३च्या जानेवारीत दर एकदम उतरवले, तेव्हा आदल्या महिन्यात घेतलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.) मग टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, कोणीतरी बाजूने ठोकलं. दाराचा पत्रा आणि आतला एक सेन्सर, एवढंच नुकसान. पण कंपनीने मान्यता दिलेला बॉडी शॉप (पत्र्याचं काम करणारं गॅरेज) लांब, त्याच्याकडे रांग, आणि सेन्सर येतच नव्हता. विम्यातून मिळालेल्या भाड्याच्या गाडीची मुदत संपली तरी हा आपला अॅपमध्ये मेसेज टाकतोय आणि तिकडून रोज नवीन नाव "आपल्या संयमाबद्दल आभार" लिहितंय. चौकातला आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, सेन्सर बसवायला मला काही वेळ लागणार नाही, पण तो कोणी मला विकत नाही, आणि विकला तरी गाडीचं सॉफ्टवेअर तो ओळखणार नाही.

वादाचं मूळ मला त्या मेकॅनिकच्या वाक्यात दिसतं.

ओलाचं काय झालं बघा. २०२१मध्ये ४९९ रुपयांत बुकिंग, स्कूटर थेट घरी. कल्पना झकास होती. विक्री वाढत गेली, दुरुस्तीची सोय तिच्या मागे धापा टाकत राहिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये नोटीस धाडली. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या, असं कंपनीचं म्हणणं. मग त्याच डिसेंबरात, ऐन नाताळात, चार हजार दुकानं केल्याचा गाजावाजा. आणि २०२५मध्ये ट्रेड सर्टिफिकेट (नोंदणी न झालेल्या गाड्या ठेवायला-विकायला लागणारा परवाना) नसलेल्या दुकानांवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याची कारवाई. यातून "थेट विक्री वाईट" असा अर्थ काढणं सोपं आहे. पण स्कूटर धूळ खात पडल्या त्या सुट्या भागांशिवाय आणि शिकलेल्या हातांशिवाय. डीलर असता तरी भाग कंपनीकडूनच यायचे होते.

'फाडा'च्या मागणीतही तथ्य आहे, ते नाकारत नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. तळेगावचा तिचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा 'फाडा'च्या हिशेबाने १७० डीलर आणि त्यांच्याकडचे सुमारे ४० हजार कर्मचारी वाऱ्यावर आले. शंभर वर्षांनी पुन्हा फोर्डच, पुन्हा डीलरच! अशा वेळी डीलरला भरपाई मिळावी, शिल्लक माल परत घेतला जावा, गाडीवाल्यांना ठरावीक वर्षं सुटे भाग मिळत राहावेत. एवढं कायद्यात जरूर घाला. मात्र "कंपनीने स्वतः विकायचं नाही" हे कलम अमेरिकेतून उचलू नका. चाकणच्या मर्सिडीझने २०२१पासून भारतात मधला रस्ता काढलाच आहे: माल कंपनीचा, बिल कंपनीचं, किंमत देशभर एक, आणि डीलरला गाडीमागे ठरलेला मोबदला. डीलर जिवंत आहे आणि घासाघीस संपली. महागड्या गाड्यांना जमलं ते स्कूटरला तसंच जमेल असं नाही, पण कायद्याने अडवायचं कारण नाही.

माझा आग्रह त्या चौकातल्या मेकॅनिकसाठी आहे. अमेरिकेत असे स्वतंत्र गॅरेजवाले अजून आहेत, पण भारतात तर त्यांच्यावरच वाहतूक चालते. सांगलीहून निघालेली गाडी कराडजवळ बंद पडली तर कंपनीच्या अॅपआधी रस्त्याकडेचा कोणीतरी हात पुसत पुढे येतो. इलेक्ट्रिक गाडीने त्याला बाहेर ठेवलंय, आणि हे काम डीलरवाले आणि थेट विकणारे दोघेही सारख्याच आनंदाने करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी २०१२ आणि २०२० अशा दोन्ही वेळा मतपेटीतून सांगितलं की गाडीची दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळालीच पाहिजे. कंपन्या तरीही कोर्टात भांडत बसल्या. आपल्या केंद्र सरकारने २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत, पण पोर्टल म्हणजे सक्ती नव्हे.

सक्ती करायची जागा महाराष्ट्राकडे आयतीच आहे. राज्याच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात खरेदीला अनुदान आहे, अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे. पैसा जनतेचा आहे तर एक अट घाला: ज्या गाडीला अनुदान हवं, तिचे सुटे भाग आणि दोष शोधायचं सॉफ्टवेअर कंपनीने रास्त दरात कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला विकायचं. बॅटरीची वॉरंटीनंतरची किंमत खरेदीच्या कागदावरच छापायची. विकणारा डीलर असो, कंपनीची वेबसाइट असो, नाहीतर मुंबईच्या बीकेसीतल्या काचेच्या दालनात सुमारे साठ लाखांची गाडी विकणारी टेस्ला असो.

कंपन्या म्हणतील, एवढ्या दाबाची वीज आहे, कोणीही हात घातला तर जीव जाईल. बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येक तालुक्यातल्या आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या बॅटरीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करा, पास होणाऱ्याला परवाना द्या आणि मग उच्च दाबाचे भाग फक्त असा परवानाधारक असलेल्या गॅरेजलाच विका. वायरमनला आपण असाच परवाना देतो.