नवे हेडफोन १०० तास वाजवत ठेवायची गरज नाही

नवे हेडफोन घेतले की एक सल्ला हमखास मिळतो: एवढ्यात मत बनवू नका, रात्रभर पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसलग खरखराट) लावून ठेवा, १०० तास झाले की बास मोकळा होतो आणि वरचा कर्कशपणा जातो. याला बर्न-इन म्हणतात. हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की नवखा माणूस शंकाच घेत नाही. मला तो चुकीचा वाटतो, आणि थोडा नुकसानीचाही. त्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते एकेक करून बघू.

‘स्पीकर वाजून मोकळे होतात, मग हेडफोन का नाही होणार?’

वूफरचा, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, शंकूसारखा पडदा कडेच्या लवचीक कड्यावर (सराउंडवर) आणि मागच्या स्पायडरवर तोललेला असतो. स्पायडर म्हणजे राळ देऊन कडक केलेलं, चुण्या पाडलेलं कापड. वाजायला लागलं की ते थोडं सैल पडतं, आणि हे मोजूनही दिसतं. पण हेडफोनच्या नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या भागात, स्पायडर नसतोच. तिथे पडदा म्हणून प्लास्टिकची पातळ फिल्म असते, तिलाच व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) चिकटवलेली असते, आणि ऐकताना ती मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाइतकी हलते. सैल पडावं असं तिथे फारसं काही नाही. बॅलन्स्ड आर्मेचर नावाच्या वेगळ्या प्रकारच्या ड्रायव्हरच्या इअरफोनमध्ये तर धातूची इवलीशी पट्टी हलते, तरी त्यांनाही तोच १०० तासांचा उपाय सांगतात.

‘मोजमापातही फरक सापडलाय.’

सापडला आहे, हे मान्य. हेडफोनची मोजमापं घेऊन परीक्षणं लिहिणारे अमेरिकेतले टिल हर्ट्सेन्स यांनी एकेजीच्या क्यू७०१ हेडफोनवर बराच काळ मोजमापं घेतली आणि त्यांना बदल दिसले. पण ते फार बारीक होते. हेडफोन डोक्यावर जरासा सरकला तरी आवाज त्याहून जास्त बदलतो. म्हणूनच हेडफोन मोजणारे तो काढून-घालून अनेकदा मोजतात आणि सरासरी घेतात. डोळे बांधून केलेल्या चाचणीत हर्ट्सेन्स यांना नवा आणि वापरलेला हेडफोन वेगळा ओळखू आला होता, हेही सांगायला हवं. मात्र ते दोन वेगवेगळे नग होते, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत मुळातच थोडा फरक असतो.

‘पण मला स्वतःला फरक ऐकू आला.’

आला असणारच. त्याची कारणं ड्रायव्हरबाहेर आहेत.

पहिलं म्हणजे इअरपॅड. नव्या पॅडचा फोम फुगीर आणि ताठ असतो. डोक्याच्या उबेने आणि दाबाने तो हळूहळू बसतो, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, कडेची फट बुजते. बंद हेडफोनमध्ये बासचं सगळं गणित या फटीवर असतं. चष्मा लावणाऱ्यांनी एवढं करून बघावं: गाणं चालू ठेवून चष्म्याची काडी पॅडखालून काढून घ्यायची. बास लगेच भरून येतो. पुढे पॅड फाटले, दबले की आवाज पुन्हा बदलतो, आणि तेव्हा नवे पॅड घालणं हाच उपाय असतो.

दुसरं म्हणजे आपला मेंदू. पहिल्या दिवशी टोचणारा ट्रेबल (वरचे तीक्ष्ण स्वर) आठवडाभरात सवयीचा होतो. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांपलीकडे नीट टिकत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वीच्या आवाजाशी तुलना करतो असं आपल्याला नुसतं वाटतं. शिवाय व्हॉल्यूम किंचित जास्त असला तरी कान त्यालाच ‘चांगला आवाज’ म्हणतो.

पॅड आणि मेंदू बाजूला काढून नुसता ड्रायव्हर तपासायचा सोपा मार्ग आहे. फोनच्या सेटिंगमधला डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवून फक्त डावी बाजू साध्या आवाजात हवी तितकी वाजवत ठेवा. मग बॅलन्स मध्यावर आणून एखादं जुनं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) भावगीत लावा. डावा ड्रायव्हर १०० तासांत बदलला असेल आणि उजवा कोराच असेल, तर गाणाऱ्याचा आवाज मध्यावर न राहता कुठल्या ना कुठल्या स्वरात एका बाजूला कलायला हवा.

‘वाद्यसुद्धा वाजवूनच खुलतं.’

तंबोऱ्याचंच घ्या. वाजवून वाजवून तारांचे चरे घोडीवर पडतात, जवारी (घोडीच्या घडणीतून येणारा गुंजणारा नाद) बिघडते आणि मिरजेच्या कारागिराकडून ती पुन्हा काढून घ्यावी लागते. वापराने होणारा बदल दोन्ही दिशांना जाऊ शकतो. बर्न-इनवाल्यांचा प्रत्येक हेडफोन मात्र सुधारतोच. १०० तासांनी बिघडला असं कोणी म्हणत नाही. बदल खरोखर पडद्यात होत असता, तर काहींचा आवाज नक्कीच खालावला असता.

‘करून बघायला काय हरकत आहे?’

हरकत आहे. मोठ्या आवाजात रात्रभर नॉइज सोडला तर व्हॉइस कॉइल तापते आणि चांगला ड्रायव्हर खराब होऊ शकतो. आणि परत करायची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते. आवाज आवडला नाही, पण ‘अजून तास भरायचेत’ म्हणून थांबलात, तर ती मुदत निघून जाते आणि नावडता हेडफोन गळ्यात पडतो. पॅड बसायला दोन-चार दिवस द्या, ओळखीची गाणी ऐका, आणि तरीही टोचत असेल तर मुदत संपायच्या आत परत करून टाका.