आठशे टक्क्यांचा रिकामपणा

त्या रात्री माझ्या प्रोग्रामला कवडीचेही काम नव्हते, आणि तरीही लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता, की यंत्र आता उड्डाण करते की काय, अशी मला धास्ती वाटली. प्रोसेसर कोण किती वापरतो हे दाखवणारे लिनक्सवरील 'टॉप' उघडून पाहिले, तर आठ कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमध्ये आठ स्वतंत्र मेंदू असलेल्या यंत्रावर माझा प्रोग्राम आठशे टक्के प्रोसेसर खात होता, दर कोअरमागे पूर्ण शंभर. आयुष्यात कधी शंभरपैकी साठाच्या वर न गेलेल्या मला क्षणभर त्याचा अभिमानही वाटला.

दोष अर्थात माझाच होता. मी आठ थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत एकाच वेळी राबणारे कामगार, नेमले होते, आणि प्रत्येक जण लूपमध्ये, म्हणजे त्याच त्या सूचनांच्या अखंड फेऱ्यांत, बसून कामाच्या रांगेला एकच प्रश्न विचारत होता: काम आले का? नाही. आता आले का? नाही. हे सेकंदाला लाखो वेळा!

प्रथम मी त्यांना 'यील्ड'चा शिष्टाचार शिकवला, म्हणजे दुसऱ्या कोणाला कोअर हवा असल्यास आपण उठावे. पण दुसरे कोणी ताटकळलेलेच नव्हते, त्यामुळे प्रत्येक जण नम्रपणे उठून त्याच खुर्चीत पुन्हा बसू लागला. आकडा आठशेच राहिला. मग प्रत्येक फेरीत एक मिलिसेकंदाची डुलकी दिली, तेव्हा पंखा शांत झाला. मात्र विंडोजवर, जिथे घड्याळाचा ठोका मुळात सेकंदाला 64 वेळाच पडतो, तीच डुलकी 15 मिलिसेकंदांपर्यंत लांबली.

शेवटी मी कंडिशन व्हेरिएबलला शरण गेलो. थ्रेडने निवांत झोपावे आणि काम आल्यावर हाक ऐकून उठावे, ही कल्पनाच मोहक होती. वापर थेट शून्यावर आला, आणि मी पाठ थोपटून घेतली. पुढे अर्ध्या तासाने लक्षात आले, की कामही शून्यच झाले आहे. थ्रेड आडवे होण्यापूर्वीच मी हाक मारून मोकळा झालो होतो, आणि हुकलेल्या हाकेची नोंद कोणी ठेवत नसते. झोपण्यापूर्वी लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच रांगेला हात लावू देणारे कुलूप, घेऊन रांग पाहायची, आणि जागे झाल्यावरही पुन्हा पाहायची, कारण हे थ्रेड कधीकधी कोणी न बोलावताही दचकून उठतात, हा धडा मी तेव्हा घेतला.

आता सारे सुरळीत झाले. पण ती शांतता मला सोसवेना. आठही जण जिवंत आहेत ना, हे पाहण्यासाठी मी एक नववा थ्रेड नेमला. तो लूपमध्ये बसून प्रत्येकाची विचारपूस करतो. पंखा पुन्हा सुरू झाला आहे, आणि 'टॉप' तूर्त शंभर टक्के दाखवत आहे.