जुनं ब्रेसलेट मोडायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

सासूबाईंचं हिऱ्यांचं आणि निळ्या खड्यांचं एकेरी ओळीचं ब्रेसलेट तुम्ही सराफ्यात दाखवलंत. हिऱ्यांत चमक नाही, निळे खडे कारखान्यातले, मोडून नवीन करा, असं तिथे सांगितलं. आणि ‘जुनं जपा’ म्हणत मी वाचकांचं नुकसान करतो, असं तुम्ही लिहिलंय. तरीही सांगतो, मोडू नका.

निळे खडे कारखान्यातले असतीलही, पण म्हणून कोणी फसवलंच असं होत नाही. भट्टीत माणिक बनवायची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुईने १९०२ मध्ये जाहीर केली, १९१० च्या सुमारास नीलमही तयार होऊ लागला. १९२०-३० च्या दशकांतल्या ओळीच्या ब्रेसलेटला एकाच रंगाचे, कडेला कड भिडणारे बारीक चौकोनी खडे लागायचे. खाणीतल्या नीलमात रंग इतका सारखा जुळवणं अवघड, म्हणून चांगल्या कारागिरांनीही हिऱ्यांशेजारी हे खडे बसवले. दहापटीचं भिंग लावून पाहा: आतल्या रेषा वळलेल्या दिसल्या तर भट्टीतला, रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात दिसले तर खाणीतला. खाणीतला निघाला तर किंमत वाढेल, हे खरंच. पण भट्टीतला निघाला म्हणून दागिना खोटा ठरत नाही.

आता चमक. जुन्या घाटाच्या हिऱ्याचा वरचा सपाट पैलू लहान, माथा उंच, आणि वरून पाहिलं की मधोमध एक बारीक गोल दिसतो, कारण तळाचं टोक कापलेलं असतं. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तो मंदच वाटणार. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली मनगट हलवा, मोठ्या रंगीत ठिणग्या दिसतील. त्याआधी कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशने मागची बाजू धुवा. तिथे बसलेला तेलकट मळ निम्मी चमक खातो.

चमक वाढवायला हिऱ्यांना नव्याने पैलू पाडले की वजन जातंच. आपल्या इंदूरचीच गोष्ट घ्या. तिथले महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९१३ मध्ये घेतलेले दोन नासपतीच्या आकाराचे हिरे सुमारे ४७-४७ कॅरेटचे होते. पुढे अमेरिकेतले जवाहीर हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेल्यावर नव्याने कापले, आणि प्रत्येकी दोन कॅरेटहून जास्त वजन गेलं. तुमच्या बारीक हिऱ्यांत काय उरेल?

सराफांचं एक म्हणणं मात्र रास्त आहे: मोडीत भाव खड्यांचा आणि धातूचा येतो, घडणावळीचा नाही. म्हणूनच विकायचं झालं तर अखंड विका.

खरी काळजी ब्रेसलेट जोडणाऱ्या कड्यांची. ब्रेसलेट एका टोकाला पकडून, बाजूच्या कडेवर आडवं धरा. दुसरं टोक फार खाली झुकलं तर सांधे झिजलेत. प्लॅटिनम असेल तर साधा डाख देऊ देऊ नका. ते १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याला लेझरने जोडणारा कारागीर हवा. खटक्याला सुरक्षेची साखळी नसेल तर तीही लावून घ्या, आणि दुरुस्तीला देताना पावतीवर वजन आणि खड्यांची संख्या लिहून मागा.