काहीच न घडण्याचा डेमो

कुठलीही वस्तू विकायची तर ती चालवून दाखवतात. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा रखवालदार, तिचं सगळंच उलटं. पलीकडून काही येत नाही, हे माणसं जमवून, एसी लावून, प्रोजेक्टरवर दाखवायचं.

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. अडगळीतला एक जुना सीपीयू काढला, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं दुसरं नेटवर्क कार्ड त्यात बसवलं आणि वर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलं. एका बाजूला 'हल्लेखोर' लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला 'बिचारा' पीसी. हल्लेखोराचं काम इंटर्नकडे होतं. त्यासाठी काळा शर्ट घालून यायची गरज नव्हती, पण असो.

पीएफसेन्सचा आतला पत्ता मुळात १९२.१६८.१.१. ऑफिसच्या राउटरचाही नेमका तोच! दोन्ही बाजूंना एकच पत्ता म्हटल्यावर पॅकेटनी, म्हणजे डेटाच्या पुडक्यांनी, जायचं कुठे? आतला पत्ता बदलून तो तंटा मिटवला.

डेमोची रीत अशी की आधी पिंग, म्हणजे पलीकडच्या मशीनला मारलेली 'आहेस का?' अशी हाक, जाऊ द्यायचं, मग अडवायचं. आमचं आधीच जाईना. नियम सगळे सताड उघडे, तरी 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट'. तासभर केबली उपटून झाल्यावर कळलं, बिचाऱ्या पीसीतली विंडोजची स्वतःची फायरवॉल पिंग अडवत होती. म्हणजे फायरवॉल दाखवायची तर आधी दुसरी फायरवॉल बंद करा.

क्लायंट आले. पिंग छान धावत होतं. मी ऐटीत अडवायचा नियम लावला, 'अप्लाय' दाबलं. पिंग तसंच धावतंय! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना काय सांगू? एकदा आत सोडलेल्याची ही फायरवॉल नोंद ठेवते आणि ती नोंद असेपर्यंत नवा नियम त्याला लागत नाही. नोंदी पुसल्या आणि पिंग थांबलं.

खोलीत शांतता.

"बंद पडलं का हो?" क्लायंटनी विचारलं.

"नाही सर, अडवलंय."

"पण दिसायला तर सारखंच दिसतंय."

खरंच होतं. नियमात 'रिजेक्ट' ठेवलं तर फायरवॉल नावाचा खिडकीतला बाबू निदान तोंडावर 'होणार नाही' म्हणतो. 'ब्लॉक' ठेवलं तर तो मानच वर करत नाही. चोरासाठी ब्लॉकच बरा, पलीकडे कुणी आहे की नाही हेही त्याला कळू नये. पण इथे क्लायंटनाही कळेना.

शेवटी लॉगचं पान पडद्यावर टाकलं. अडवलेल्या प्रत्येक पॅकेटपुढे लाल फुली. एक, दोन, मग रांगच. क्लायंटनी खुर्ची पुढे ओढली.

"हां! आता कसं! अजून थोडे हल्ले वाढवता येतील? आमचे एमडी जेवून येतायत, त्यांनाही दाखवू."

इंटर्नने काळ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.