एका दिवसात सगळे पॉइंट कव्हर!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर रविवारच्या ट्रिपचे फोटो आले, खाली दादाने लिहिलंय, "एका दिवसात सगळे पॉइंट कव्हर!" आणि सगळ्यांचे अंगठे. माझं डोकंच सटकलं.

मी होते ना त्या गाडीत. सकाळी घाट चढताना एका वळणावर अख्खी दरी समोर आली, ऊन तिरपं होतं त्यामुळे डोंगराची एकेक धार सावलीने वेगळी दिसत होती, आई म्हणाली, "अरे, जरा थांबव ना." दादा म्हणाला, "काकू, पुढे पॉइंट आहे, तिथून मस्त दिसतं." ५० च्या स्पीडला पण गाडी सेकंदाला १४ मीटर जवळजवळ पुढे जाते, आईने नीट मान वळवेपर्यंत दरी गेली मागे. आणि त्या पॉइंटवर पोचलो भर दुपारी, ऊन डोक्यावर, सगळं सपाट आणि धुरकट. आई तिथेही फोटोसाठी हसली. तोच फोटो आज फिरतोय.

मॅपवर पोचायची वेळ दोन मिनिटं कमी झाली की केवढा आनंद! ऑफिसला चाललो होतो का आपण?

वळणावर गाडी थांबवणं डेंजर असतं, ठीक आहे, मान्य. पण थोडं पुढे कडेला रुंद जागा होती, मी स्वतः बघितली.

मागे पोरं पूर्णवेळ मोबाईलमध्ये, मग मळमळणारच, डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि आतल्या कानाला प्रत्येक वळण कळतं, मेंदूने करायचं काय? एकाला उलटी होणार म्हटल्यावर लगेच गाडी बाजूला घेतली. म्हणजे थांबता येत होतं. आईसाठी थांबावंसं वाटलं नाही, एवढंच.

दादा वाईट नाही हो. पहाटेपासून एकटा चालवत होता, उतारावर लो गिअर ठेवून, ब्रेक तापू न देता सगळ्यांना नीट घरी आणलं त्याने. जास्त जागा दाखवल्या की घरचे जास्त खूश होतील असं मनापासून वाटतं त्याला. पण आईचे गुडघे बघा आता, ती अजून किती वर्षं येणारे अशी आपल्याबरोबर? दिवसभरात तिने एकच गोष्ट मागितली, जरा थांबव. तेवढंही जमलं नाही आपल्याला? लिहिताना परत राग यायला लागलाय.

पुढच्या वेळी एकच ठिकाण ठरवायचं, आई पुढच्या सीटवर, आणि ती थांब म्हणाली की पहिली सेफ जागा बघून गाडी बाजूला. ग्रुपवरही टाकतेय हे. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरी गाडी करा.