डेमोग्राफी म्हणजे नुसती शिरगणती नाही हो, काका

काका, कमेंट जरा झोंबली पण अर्धी पटली, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की रत्नागिरीवरच्या पोस्टमध्ये मी 'जिल्ह्याची डेमोग्राफी बदलतेय' लिहिलं तो इंग्रजीचा सोस, सरळ 'लोकसंख्या' लिहायचं की, शेवटी डोकीच मोजायची ना.

चूक झालीय, पण तुम्ही पकडलीत ती नाही. डेमोग्राफी हे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं नाव, ते कशाला बदलतंय, बदलते ती लोकसंख्येची रचना. टीव्हीवाले रोज तसंच बोलतात, माझ्याही बोटांना सवय लागली.

पण 'लोकसंख्या' टाकून भागत नाही हो. २००१ ला रत्नागिरीत १६,९६,७७७ माणसं, २०११ ला १६,१५,०६९, इथवर तुमची शिरगणती. ती कमी का झाली, जन्म घटले, मृत्यू वाढले की माणसं उठून गेली, हे शोधायला लागलात की डेमोग्राफी सुरू. २०११ लाच तिथे हजार पुरुषांमागे ११२२ बायका आणि अख्ख्या राज्यात ९२९, आता हे वाचून कोणी म्हणेल वा काय जिल्हा, मुलींना जपतात, तर तसं नाही, बाप्ये मुंबईला आहेत. आमच्या वाडीत गणपतीला ओटीवर चपला मावत नाहीत आणि एरवी निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यांत सासू-सून, पण चाकरमान्याचं नाव जनगणनेत मुंबईच्या यादीत. उलट बीडला ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, तिथे स्थलांतराचं कारण चालत नाही, पाच वर्षांचं पोर काय एकटं नोकरीला जातंय? तिथे उत्तर सोनोग्राफी सेंटरात शोधावं लागतं.

आणि शब्द इंग्रजांचाही नाही, १८५५ मध्ये आशिल गियार नावाच्या फ्रेंच माणसाने ग्रीक तुकडे जोडून केलेला. मराठीत लोकसंख्याशास्त्र आहेच, जनसांख्यिकी मात्र माझ्या जिभेवर बसत नाही. तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो, मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे (आयआयपीएस), ती १९५६ ला निघाली तेव्हा नावात 'डेमोग्राफिक' होतं, पुढे त्यांनीच ते काढून 'पॉप्युलेशन सायन्सेस' केलं.

पोस्टमध्ये आता 'लोकसंख्येची रचना बदलतेय' केलंय. शीर्षक तेवढं राहू दे, लिंक बऱ्याच ग्रुपवर फिरलीय.