सुटी अवतरणं पाठ करून काय हाती लागणार?

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली अवतरणं विषयवार उतरवून पाठ करा, हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. 'अपराधभाव' या मथळ्याखाली लेडी मॅकबेथचं 'थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल' हे वाक्य दिलंय. अहो, दुसऱ्या अंकात राजा डंकनच्या खुनानंतर ते बोलताना तिला अपराधी वाटतच नसतं! अपराधी वाटतं ते मॅकबेथला. अख्खा समुद्र तरी हे रक्त धुऊ शकेल का, असं तो नुकताच म्हणालेला असतो. पाचव्या अंकात मात्र तीच झोपेत हात चोळत फिरते आणि हाताचा रक्ताचा वास घालवायला अरबस्तानातली सगळी अत्तरंही तिला पुरत नाहीत.

शिकवताना मी ही तिन्ही वाक्यं एका दमात वाचून घेते. कोण, कुणाला, कधी बोललं हे मग मुलंच विचारायला लागतात. लेखातला महत्त्वाकांक्षेवरचा भाग मात्र झकास, विशेषतः मॅकबेथची त्याचा सहकारी सेनापती बँको याच्याशी केलेली तुलना.